खाटेपासून ओट्यापर्यंत तीन तारा

विनू गेल्याचं मला तीन तास उशिरा कळलं. परीक्षेच्या हॉलवर ड्यूटी होती, आणि आमच्या पॉलिटेक्निकमध्ये सुपरवायझरनं मोबाइल बाहेर ठेवायचा असा नियम आहे. पेपर संपला, उत्तरपत्रिकांचा गठ्ठा बांधून सही करून दिला, मग बाहेरच्या टेबलावरच्या पिशवीतून फोन काढला. त्याच्या बायकोचे, कुसुमवहिनींचे, चार मिस्ड कॉल होते. मी परत लावला तेव्हा पलीकडून कोणी बोललंच नाही, नुसती घरातली गर्दी ऐकू आली, आणि मला समजलं. खरं सांगायचं तर लगेच रडू आलं नाही. मी पायऱ्यांवर बसलो आणि पहिला विचार आला तो असा, की आता या उन्हात खामगावहून मलकापूरला जायचं, बस मिळायला हवी. असा विचार आला याची आज लाज वाटते. पण त्या दोन वर्षांच्या दुखण्यात आम्ही सगळेच इतके दमून गेलो होतो की दुःख व्हायलाही थोडा वेळ लागला.

विनायक, म्हणजे विनू, माझा आयटीआयचा सोबती. रेडिओ-टीव्ही मेकॅनिकच्या वर्गात आम्ही एका बाकावर बसायचो आणि एका सोल्डरिंग आयर्नवर हात भाजून घ्यायचो. पुढे मी डिप्लोमा केला, शिकवायला लागलो, आणि त्या दिवसापासून त्यानं मला नावानं हाक मारणं सोडलं. मी ‘मास्तर’ झालो. त्यानं मलकापुरात स्टेशनच्या रस्त्याला एक टपरीवजा दुकान टाकलं. आधी रेडिओ, मग टीव्ही, मग लोकांनी टीव्ही दुरुस्त करणंच सोडलं तेव्हा जिनिंग प्रेसचे कंट्रोल बोर्ड. मिलवाल्यांचा बोर्ड बंद पडला की कंपनीचा माणूस येईपर्यंत कापूस तसाच पडून राहायचा, आणि विनू तो बोर्ड सायकलच्या हँडलला पिशवीत अडकवून दुकानात आणायचा. मायक्रोकंट्रोलर नावाची ती नखाएवढी चिप, जिच्यात मशीननं काय करायचं ते लिहून ठेवता येतं, ती मी पुस्तकातून वीस वर्षं शिकवली. विनू ती जळालेल्या बोर्डांवरून शिकला. यावरून आमची कायम जुंपायची. ‘तू पोट्टे पास करून राह्यला, मी मशिनी,’ असं तो म्हणायचा.

त्याच्या धंद्यात त्याचा एक नेम होता. दुसऱ्या मेकॅनिकनं हात घातलेला डबा त्याला विचारल्याशिवाय उघडायचा नाही. बाजारातल्या दुसऱ्या कोणी अर्धवट सोडलेला सेट त्याच्याकडे आला, तर तो आधी गिऱ्हाइकाला परत पाठवायचा, जा, त्याले विचारून ये म्हणून. तरुणपणी एकदा मी त्याच्या टेबलावरचा अर्धा झालेला अॅम्प्लिफायर तो चहाला गेलेला असताना खोलला आणि चांगल्या मनानं एक जोड पक्का केला. आठ दिवस बोलला नाही माझ्याशी. मला तेव्हा हे फार चमत्कारिक वाटलं होतं. पुढे सवय झाली, आणि नकळत मीही तसाच झालो.

दोन वर्षांपूर्वी त्याचा आवाज बसला. खर्रा, आमच्याकडचा घोटलेला तंबाखू-सुपारीचा मावा, त्याच्या तोंडात सकाळपासून असायचा, आम्ही सगळ्यांनी सांगून पाहिलं होतं, तो ‘हाव हाव’ म्हणायचा आणि दुसरी पुडी सोडायचा. अकोल्याच्या दवाखान्यात स्वरयंत्र काढलं. गळ्याला खाली भोक आणि त्यावर पांढरं फडकं. आयुष्यभर मिलमधल्या मशिनींच्या वर आवाज चढवून बोलणारा हा माणूस एका दिवसात मुका झाला, आणि त्याच्या हातात वहिनींनी लहान पोरांची पाटी दिली. पाटीवर तो दोन-तीन शब्द लिहायचा, तळहातानं पुसायचा. वर्षभर बरं चाललं, दुकानातही बसायचा. मग दुखणं छातीत उतरलं. या उन्हाळ्याच्या तोंडाशी डॉक्टरांनी घरी न्यायला सांगितलं. त्याचा अर्थ त्याला कळला होता, आम्हालाही.

मधल्या खोलीत खाट, आणि स्वयंपाकघर मागच्या बाजूला, मध्ये एक बोळकांडी. हाक मारता येत नव्हती, म्हणून काही हवं असलं की तो स्टीलचा चमचा खाटेच्या लोखंडी पायावर वाजवायचा. एक दिवस मी पाणी प्यायला आत गेलो तेव्हा कुसुमवहिनी हळू आवाजात म्हणाल्या, ‘मास्तर, चमचा वाजला का माह्या छातीत धडकी भरते. पाणी पायजे, का जीव घाबरून राह्यला, काईच समजत नाही. मी आपली हातातलं टाकून धावते.’ दोन दिवस आधी अशाच धावताना त्या उंबऱ्याला ठेचकाळून पडल्या होत्या, गुडघा काळानिळा झाला होता. नवऱ्याला त्यांनी सांगितलं ते नळाजवळ घसरले म्हणून. खाटेवरून त्यानं नुसता फोन वाजवून पाहिला होता, पण कुकरच्या शिट्टीत तो ऐकू येत नसे, आणि ऐकू आला तरी कोणाचा आहे हे बघेपर्यंत तीच धडकी. बाजारातून घंटी आणून देतो म्हटलं, तर त्या म्हणाल्या घंटी आणि चमच्यात काय फरक.

विनूला गुडघ्याचं खरं कारण कळायला वेळ लागला नाही. मी बाहेर आलो तर पाटी तयार होती : ‘डबे करू. दोन.’ एक डबा खाटेशी, चार बटणांचा. दुसरा स्वयंपाकाच्या ओट्यावर, छोट्या स्क्रीनचा. पहिलं बटण दाबलं की स्क्रीनवर ‘पाणी’, दुसऱ्याला ‘कूस’, म्हणजे कुशीवर वळव, तिसऱ्याला ‘दुखतंय’, चौथ्याला नुसतं ‘ये’. वहिनींनी मान वर करायची, वाचायचं, आणि मग धावायचं की चालत जायचं ते ठरवायचं. त्या स्क्रीनला मराठी येत नाही, अक्षरं ठिपक्याठिपक्यानं शिकवावी लागतात. विनूनं चौकटीची वही मागवली आणि उशीला टेकून एकेक घर काळं करत ‘पाणी’ लिहायला बसला. कित्येक दिवसांनी त्याच्या चेहऱ्यावर दुकानातली ती आठी दिसली. मला बरं वाटलं, आणि आणखी एक काम मागे लागलं असंही वाटलं. दोन्ही खरं आहे.

खाटेकडचा डबा त्यानं करायचा, ओट्यावरचा मी, असं ठरलं. प्रत्येकात एक मायक्रोकंट्रोलर, आणि दोघांमध्ये बोळकांडीच्या भिंतीवरून नेलेली तीन तारांची वायर. याला आम्ही सिरियल कम्युनिकेशन म्हणतो. वर्गात मी ते असं सांगतो : प्रत्येक चिपला एक तोंड असतं आणि एक कान. एकाच्या तोंडाची तार दुसऱ्याच्या कानाला गेली पाहिजे, दुसऱ्याच्या तोंडाची पहिल्याच्या कानाला. तिसरी काळी तार दोघांची सामाईक. तोंडाला तोंड जोडलं तर दोघंही बोलत राहतात आणि ऐकत कोणीच नाही. पोरं हसतात, आणि प्रॅक्टिकलला हटकून तीच चूक करतात.

आम्हीही तीच केली. पहिल्या दिवशी सगळं जोडलं, विनूनं बटण दाबलं, आणि ओट्यावरची स्क्रीन नुसती निळी उजळून राहिली. परतीच्या बसमध्ये नांदुऱ्याच्या आसपास माझ्या लक्षात आलं की पिवळी आणि हिरवी तार सरळ गेली असणार, तोंडाला तोंड. रंग कोणते कुठे लावायचे ती चिठ्ठी विनूनं लिहिली होती. आजारी माणसाला चूक दाखवायची नाही म्हणून दुसऱ्या दिवशी मी गुपचूप स्वयंपाकघरात माझा डबा उघडला, दोन्ही तारांची अदलाबदल केली आणि झाकण लावून टाकलं. बाहेर येऊन म्हटलं, दाब. त्यानं दाबलं. काही नाही. झालं, माझ्या हिशेबानं तारांचा प्रश्न त्या दिवशी निकालात निघाला होता, आणि तिथेच मी फसलो.

पुढचे दिवस मी बाकी सगळं तपासलं. कॉलेज सुटलं की दोनची बस, मलकापूरला उतरून भर उन्हात चालत त्याच्या घरी, आणि दिवस कलायच्या आत परतीची गाडी. दोन्ही चिपांचा बोलण्याचा वेग एक आहे का ते पाहिलं. वेग कमी केला, आणखी कमी केला. चार्जर बदलले. काळी तार कुठे सैल आहे का म्हणून बोळकांडीची भिंत हातानं चाचपत फिरलो. लॅपटॉप आधी माझ्या डब्याला जोडून पाहिला, मग त्याच्या डब्याच्या कडेच्या भोकातून त्याला जोडून पाहिला. दोन्ही डबे एकेकटे शहाण्यासारखे वागत होते, एकत्र आणले की मख्ख. मी चिडत होतो. चिपवर, उन्हावर, एस.टी.वर, आणि थोडा विनूवरही. एक दिवस म्हटलं, तुझा डबा एकदा उघडून बघू दे. त्यानं डब्यावर हात ठेवला, मान हलवली आणि पाटीवर लिहिलं, ‘वायर ठीक.’ तो जुना नेम मला ठाऊक होता. मरायला टेकला तरी मेकॅनिकचा ताठा जात नाही, असं मी मनात म्हणालो.

या सगळ्यात तास-दोन तास मी त्याच्याजवळ बसलेला असायचो. वहिनी दोघांना वाढायच्या, मला पोळी-भाजी, त्याला मऊ खिचडी किंवा ताकातल्या कण्या. मी तोंडानं बडबडत असायचो, आयटीआयच्या गुरुजींचा टेबलफॅन आम्ही उलटा फिरवला होता तो किस्सा, कोण कुठे आहे, कोणाच्या पोरीचं लग्न झालं. तो हसायचा, म्हणजे खांदे हलायचे. कधी पाटीवर मला दुरुस्त करायचा, नाव चुकलं, साल चुकलं. माझं निम्मं लक्ष घड्याळाकडे असायचं.

नवव्या दिवशी मी गेलो तेव्हा तो दुखण्याच्या गोळीनं झोपला होता. डबा उशाशी होता. मी पाच मिनिटं उभा राहिलो. शेवटी म्हटलं, आठ दिवस नाही बोलला तर नाही बोलला, तसाही कुठे बोलतोय... आणि बोललो ते मलाच फार लागलं. त्याच्या डब्याचे चार स्क्रू काढले. आत पिवळी आणि हिरवी तार एकमेकींना ओलांडून नीट बसवलेली होती, त्याच्या हातची, टोकांना नळी चढवून. म्हणजे त्यालाही पहिल्याच दिवशी चूक समजली होती, त्यानंही मला न सांगता आपल्या बाजूनं तारा फिरवल्या होत्या. मी तिकडे फिरवल्या, त्यानं इकडे फिरवल्या, आणि दोन्ही मिळून पुन्हा जशाच्या तशा. मी त्याच्या बाजूच्या तारा सरळ केल्या, बटण दाबलं, आणि आतून कुकरच्या शिट्टीबरोबर वहिनींचा आवाज आला, ‘पाणी आलं लिवून.’

तो जागा झाल्यावर मी त्याला सगळं समजावून सांगितलं, अगदी वर्गात सांगतो तसं. त्यानं माझ्याकडे बराच वेळ बघितलं. मग पाटीवर ‘शाबास मास्तर’ लिहिलं. डबा विचारल्याशिवाय उघडला म्हणून रागावला नाही, याचं मला तेव्हा नवल वाटलं. वहिनी दारात उभ्या होत्या. मला वाटलं होतं त्या खूश होतील. त्या चहा ठेवायला आत गेल्या. परतीच्या बसमध्ये मला गाढ झोप लागली. सुटलो एकदाचा, असंच वाटत होतं, आणि ते मी इथे लिहून ठेवतो, कारण त्यावाचून पुढचं सांगण्यात अर्थ नाही.

त्यानंतर विनू तीन आठवडे होता. त्या तीन आठवड्यांत मी दोनदा गेलो. परीक्षा होत्या, ऊन होतं, माझी साखर वाढली होती, कारणं सगळी खरी होती. डबा चालू होता, फोनवर वहिनी ‘ठीक आहे’ म्हणायच्या. पहिल्यांदा गेलो तेव्हा पंधरा मिनिटं बसलो. दुसऱ्यांदा तो झोपेत होता, मी बाजूला बसून पेपर चाळला आणि निघालो. तिसऱ्यांदा गेलो ते पेपरच्या ड्यूटीवरून, त्या दिवशी.

तेरवीला आयटीआयचे दोघे-तिघे आले होते. मांडवात बसल्या बसल्या मी त्यांना तारांची गोष्ट सांगितली. दोघंही एकमेकांना जपायला गेले आणि नऊ दिवस डबा बंद राहिला, अशी ती गोष्ट. लोकांना आवडली. कोणीतरी म्हणालं, हे पेपरात लिहा, म्हणून हा लेख मी मनात जुळवायलाही घेतला होता. तो तेवढाच राहिला असता तर बरं झालं असतं, निदान माझ्यासाठी.

पंधरा दिवसांनी मी माझा मीटर आणि चार्जर आणायला मलकापूरला गेलो. कुसुमवहिनी एकट्याच होत्या, लसूण सोलत बसल्या होत्या. थोडा वेळ इकडचं तिकडचं झालं. मग मान वर न करता त्या म्हणाल्या, ‘तेरवीले तुमी ते तारायचं सांगून राह्यले होते न, तसं नाही ते.’

‘मग कसं?’ मी विचारलं.

‘दुसऱ्या दिवशी तुमी गेल्यावर ते उठले. भिंतीले धरून धरून इथलोक आले आन् तुमचा डबा खोलला. मी म्हटलं, मास्तरले इचारलं काय? तं हसले. पाटीवर लिवलं, त्यानंबी फिरवल्या, मीबी फिरवल्या. पेचकस उचलला होता दुरुस्त कराले. मीच हातातून काढून घेतला.’

‘काऊन?’ माझ्याही तोंडून त्यांच्याच बोलीत निघालं.

‘तुमी होते त्या दिवशी वाटीभर खिचडी खाल्ली त्यायनं. त्याच्या आंधी चार दिवस घास उतरला नव्हता.’ त्यांनी लसणाची सालं पदरातून ताटात झटकली. ‘मी म्हटलं, डबा चालू झाला का मास्तर रोज कायले येतीन. राहू द्या तसाच. मी धावते न, मले काय होते. त्यायनं लिवलं, दोन दिवसात सापडंन त्याले, हुशार हाय तो. तुमाले नऊ दिवस लागले... बरं झालं. नऊ दिवस जेवले ते.’

वीस वर्षं पोरांना मी शिकवत आलो की सगळ्यात सोपी गोष्ट आधी तपासा, आणि माझ्या हुशारीवर त्या दोघांनी बांधलेला अंदाज मी चुकवला, एवढंच काय ते माझ्या हातून त्याच्यासाठी झालं. मला ते नऊ दिवस ओझं वाटले होते. घड्याळ बघत मी जो किस्सा सांगत होतो, त्यावर तो दोन घास जास्त खात होता, आणि दुखऱ्या गुडघ्यानं धावणारी ती बाई दारातून ते मोजत होती. नंतरच्या तीन आठवड्यांत तो किती जेवला हे मी विचारलं नाही. त्यांनीही सांगितलं नाही. एवढं मात्र सांगितलं, की चार बटणांतलं चौथं त्यानं सगळ्यात जास्त दाबलं. ‘ये’ लिहून यायचं, त्या चालत जायच्या, त्याला काहीच नको असायचं. खाटेशी स्टूल ओढून बसायच्या. मग तो दाराकडे बोट करायचा आणि भुवया उडवायचा, मास्तर आला का म्हणून. ‘मी म्हणे, परीक्षा हायेत त्यायच्या.’

उठताना मी ओट्याकडे पाहिलं. डबा भिंतीला तसाच होता, स्क्रीन कोरी, पण दिवा लागलेला. प्लग त्यांनी काढला नव्हता. बोळकांडीतली वायरही तशीच, मधल्या खोलीत खाट मात्र उभी करून ठेवलेली. मी म्हटलं, वहिनी, डबे काढून नेऊ का, उगाच धूळ बसते.

‘राहू द्या,’ त्या म्हणाल्या. ‘बिघडला म्हंजे फोन करीन, मंग या.’

त्यात टोमणा होता की नुसतं सांगणं, मला कळलं नाही. त्यांच्या चेहऱ्यावरून तर काहीच कळलं नाही. गेले तीन रविवार मी दोनच्या बसनं मलकापूरला जातो. वहिनी ताट वाढतात, मी जेवतो, थोडा वेळ बसतो आणि परत येतो. डबा अजून बिघडलेला नाही.